तळटीप १४ : जब्दीचे मोलकरी

१४. येशूच्या पहिल्या शिष्यांना ‘दरिद्री कोळी’ म्हणण्याची प्रवचनांतली सवय मूळ मजकुराला फारशी मानवत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात (१:२०) याकोब आणि योहान बाप जब्दीला मोलकऱ्यांसोबत तारवात सोडून निघतात; म्हणजे मजुरीवर माणसे ठेवण्याइतका धंदा चालू होता. लूक (५:१०) या दोघांना शिमोन पेत्राचे भागीदार म्हणतो. गालील ‘समुद्र’ खरे तर गोड्या पाण्याचे सरोवर, लांबी सुमारे २१ किलोमीटर. दुष्काळात पाणी ओसरल्यावर १९८६ साली तिथल्या गाळात त्या काळाच्या आसपासची एक होडी सापडली. ती आठ मीटरांहून लांब आहे, एकट्यादुकट्याने हाकण्यातली नव्हे. येशूच्या हाकेसरशी जाळी टाकून निघणे मार्ककडे विलक्षण वाटते खरे. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात अंद्रिया आधीच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिष्य आहे, आणि तोच भाऊ शिमोनाला येशूकडे नेतो. या हकिकतींचा मेळ घालण्याचे प्रयत्न जुने आहेत, बहुतेक ओढूनताणून केलेले. जब्दीचे पुढे काय झाले ते शुभवर्तमाने सांगत नाहीत. त्याची बायको मात्र मुलांसाठी उजवी-डावीकडच्या जागा मागायला हजर होते (मत्तय २०:२०-२१).