ऑप्टिमाइज्ड की अडॅप्टिव्ह? ट्रेडिंग बॉटमधले आकडे कसे ठरतात

मागच्या किती दिवसांच्या भावाची सरासरी काढायची, असे आकडे ट्रेडिंग बॉटला आधी द्यावे लागतात. यांनाच पॅरामीटर म्हणतात.

ऑप्टिमाइज्ड: जुन्या डेटावर ५ ते १०० दिवस असे सगळे आकडे चालवून बघायचे आणि सर्वात जास्त नफा देणारा, समजा २३, पक्का करायचा. धोका हा की २३ फक्त त्या डेटालाच जुळलेला असू शकतो. जुन्या प्रश्नपत्रिका पाठ करून परीक्षेला बसण्यासारखंच. याला ओव्हरफिटिंग म्हणतात.

अडॅप्टिव्ह: इथे बाजार बघून सरासरीचा वेग बदलतो. पेरी कॉफमन यांच्या 'कामा' पद्धतीत साधारणपणे १० दिवसांतला निव्वळ बदल भागिले रोजच्या चढउतारांची बेरीज, असं गुणोत्तर काढतात. भाव एकूण ४० रुपये हलला, पण निव्वळ १० रुपयेच वाढला, तर ०.२५. गुणोत्तर १ च्या जवळ असेल तर सरासरी चपळ होते, ० च्या जवळ असेल तर संथ.

मग अडॅप्टिव्हच घ्यायचं? थांबा. ते १० दिवससुद्धा कुणीतरी आधीच ठरवलेत. म्हणून बॉट घेण्याआधी एकच विचारा: आकडे ठरवताना न वापरलेल्या डेटावर निकाल काय आला? उत्तर मिळालं नाही, तर पैसे लावू नका.