शाळेतली हातभर जागा

मुळशी तालुक्याचा इतिहास म्हटला की आपण सारे १९२१ सालच्या सत्याग्रहापाशी जाऊन थांबतो. सेनापती बापट, टाटांचे धरण, पाण्याखाली गेलेली भातखाचरे. थांबावे अशीच ती जागा आहे. पण रिह्याच्या आणि आसपासच्या खोऱ्यातल्या मंडळींपुढे आज जो इतिहास मांडायचा आहे, तो याहून फार लहान जागेचा आहे. शाळेच्या खोलीत एखादे पोर मांडी घालून बसते, तेवढी हातभर जागा. त्या पोराला तिथे कोणी बसवले, कोणाशेजारी बसवले, की बसूच दिले नाही, यावरून महाराष्ट्रातल्या पुष्कळ गोष्टी ठरत आल्या आहेत.

तुम्हीच आठवून बघा. शाळेत शिकवलेले किती लक्षात राहिले? व्याजाची गणिते गेली, सनावळ्या गेल्या, नद्यांची नावे अर्धीमुर्धी उरली. पण कोणत्या गुरुजींनी साऱ्या वर्गासमोर टोपणनावाने हाक मारली, कोणत्या बाईंनी तापाने फणफणलेले असताना घरापर्यंत आणून सोडले, हे साठीतला माणूसही कालच्यासारखे सांगतो. शिकवलेले विसरते आणि वागवलेले राहते. आता याचे दाखले पाहू.

सातारच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. दाखलेपुस्तकातला अनुक्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ सालापासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. हा मुलगा वर्गात कुठे बसत असे? इतरांपासून वेगळा, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. तहान लागली तर गुरुजींची परवानगी पुरेशी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई हजर नसला की पाणी नाही. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि तेही फारसा आक्रोश न करता, साध्या शब्दांत.

त्याच शाळेत आंबेडकर नावाचे एक गुरुजी होते. मधल्या सुट्टीत हा मुलगा लांब घरी जेवायला जातो हे पाहून ते आपल्या शिदोरीतली भाकरी-भाजी त्याला देत, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. आडनाव या गुरुजींवरून आले की काय, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, तो आपण बाजूला ठेवू. भाकरी मात्र वादाबाहेरची आहे. गोलमेज परिषदेच्या वेळी या वृद्ध गुरुजींनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला पत्र पाठवले आणि ते बाबासाहेबांनी जपून ठेवले, असेही सांगतात.

एकाच शाळेतले हे दोन अनुभव. गोणपाट आणि भाकरी.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्याकडे भाषणांतून एक वाक्य फार ऐकू येते, की हालअपेष्टांनीच माणूस मोठा होतो. हे बोलायला सोपे आणि ऐकायला गोड आहे, पण इतिहासाला धरून नाही. अपमानाने माणूस मोठा होत असता तर या देशात गावोगाव आंबेडकर निपजले असते. गोणपाट एकट्या भिवाच्या वाट्याला आले नव्हते. ज्यांनी ते एके दिवशी गुंडाळले आणि पुन्हा शाळेत आणलेच नाही, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत, एवढाच फरक. भिवाच्या पाठीमागे पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारे वडील होते. पुढे मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला, १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले, आणि पुढे त्यांच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळुसकर काही त्याच्या शाळेतले शिक्षक नव्हते. बागेत बसलेल्या परक्या पोराची चौकशी करणारे गृहस्थ होते.

असे चौकशी करणारे माणूस असणे वा नसणे, यावर किती अवलंबून असते ते पाहायला साताऱ्याहून आपल्या पुण्यात यावे लागेल, आणि काळातही साठ वर्षे मागे.

जोतीराव फुल्यांचा जन्म १८२७ चा. वडील गोविंदराव यांचा फुलांचा आणि भाजीचा व्यवसाय. मुलाला शाळेत घातले होते, बरे चालले होते. तेवढ्यात दुकानातल्या एका कारकुनाने गोविंदरावांचे कान भरले. शिकलेला पोरगा शेतात राबणार नाही, तुमच्या कामातून जाईल! बाप साधा माणूस, त्याला ते पटले. जोतीचे नाव शाळेतून काढले आणि तो मळ्यात कामाला लागला. हे असे बोलणे आपल्या खोऱ्यात कोणी कधी ऐकलेच नाही, असे म्हणता येईल का हो?

गोष्ट तिथेच संपायची. पण शेजारी दोन गृहस्थ राहत. एक फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी, दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. दिवसभर मळ्यात काम करून रात्री दिव्याशी वाचत बसणारे हे पोर त्यांच्या नजरेला पडले. त्यांनी गोविंदरावांना गाठले आणि समजावले. १८४१ साली जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा बसला. जातीचे नाहीत, धर्माचे नाहीत, नात्याचे तर नाहीतच, अशा दोन शेजाऱ्यांनी एका बापाशी केलेले हे बोलणे. त्याचे फळ म्हणून १८४८ साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा उभी राहिली, सावित्रीबाई शिकवू लागल्या आणि त्यानंतर अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही शाळा निघाल्या.

त्या शाळेत शिकलेली मातंग समाजातली एक मुलगी, मुक्ता साळवे. तीन वर्षांचे शिक्षण, वय तेरा-चौदाच्या घरात. तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत छापून आला. त्या निबंधात ती विनवणी करीत नाही, जाब विचारते. आम्हाला कोणता धर्म आहे, असा तिचा सवाल आहे. घरे बांधताना पायात पुरलेल्या माणसांविषयी, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांविषयी ती लिहिते. तीन वर्षे कोणीतरी तिला माणसासारखे समोर बसवले, तिचे म्हणणे ऐकून घेतले, त्यातून हा आवाज आला. तिच्या पुढल्या आयुष्याविषयी इतिहास गप्प आहे. तो निबंध मात्र महाराष्ट्रातल्या दलित स्त्रीच्या पहिल्या लेखनांपैकी एक म्हणून आज कॉलेजात शिकवला जातो.

दाखले सारे जातीचेच देतो आहे, असे कोणी म्हणू नये. वरच्या जातीत जन्मलेल्या पण खिसा रिकामा असलेल्या मुलांचीही फरफट झाली. कोकणातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. एका परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर भर पावसात, घाट चढून, शंभरावर मैल चालत साताऱ्याला आले. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पुरी लागत. ती झाली होती, पण अंगकाठी लहान. समितीच्या अध्यक्षांनी पाहिले आणि तू सतराचा दिसत नाहीस म्हणून परत लावले. एवढे चालून आलेल्या पोराचे दाखले नीट तपासायला फार वेळ लागला नसता!

हा मुलगा तिथे मोडला नाही याचे एक कारण मुरूडातच होते. तिथले सोमण गुरुजी. त्यांनी धोंडूला फक्त धडे घातले नाहीत. गावातल्या देवळात लोक जमले की त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे काम त्याच्यावर सोपवले. लाजाळू, बोलताना अडखळणारा मुलगा. त्याला गावापुढे उभे केले आणि तुझा गावाला उपयोग आहे हे नकळत शिकवले. पुढे याच माणसाने विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि वयाची शंभरी गाठली तेव्हा १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात कमी बोलणाऱ्या पोरावर काम सोपवण्याची ही युक्ती जुनी आहे आणि तिला पैसा लागत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे मात्र निराळेच. हे पोर लाजाळू मुळीच नव्हते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला. बोर्डिंगातून हकालपट्टी झाली, तेव्हा शाहू महाराजांनी आसरा दिला. गणितात तर सारी बोंबच. महाराजांनी पोराला पास करा म्हणून शब्द टाकला, तेव्हा गणिताच्या मास्तरांनी उत्तर दिले म्हणे, की हा ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ वरच्या वर्गात घालीन, पण याला नाही! ही गोष्ट हसू आणते, आणि खरे सांगायचे तर मला त्या मास्तरांचा रागही येत नाही. राजापुढे मान न झुकवणारा मास्तर मिळणे हेही शिक्षणच आहे. भाऊरावांची शाळा इंग्रजी सहावीपर्यंतच झाली. बोर्डिंगातून बाहेर काढलेल्या या मुलाने १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे साताऱ्यात असे बोर्डिंग चालवले की तिथे सर्व जातींची मुले एकत्र राबत, एकाच पंगतीत जेवत आणि शिकत. पैसा संपला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. पुणे विद्यापीठाने १९५९ साली त्यांना डी. लिट. दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

आणि ज्याच्या पाठीशी कोणीच उभे राहिले नाही, तो? वाटेगावचे अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले असे सांगतात. मास्तरांचा मार बसला आणि शाळा सुटली ती कायमची. बापाबरोबर पायी मुंबईला गेले, गिरणीत राबले, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत अक्षरे शिकले. त्यांच्या 'फकिरा' कादंबरीला १९६१ साली राज्य पुरस्कार मिळाला. शाळेवाचून काही अडत नाही, याचा पुरावा म्हणून काही लोक अण्णा भाऊंचे नाव घेतात. मला ते उलटे वाटते. असला माणूस दीड दिवसात हातचा घालवणारी शाळा कसली? त्या शाळेत त्या दिवशी एखादे सोमण गुरुजी असते तर, हा विचार मनातून जात नाही.

जोतीरावांना हे सारे फार आधी कळले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन केले. त्यात त्यांची एक मागणी अशी, की खेड्यातल्या शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत. नांगर किंवा सुताराचे वाकस हाती धरायला न लाजणारे, गावातल्या सर्व थरांत मिसळणारे. शेतीची प्राथमिक माहिती शाळेत शिकवावी, आणि अशा शिक्षकांना पगारही बरा द्यावा, असेही त्यांनी सुचवले. इमारतीच्या आधी माणूस पाहा, असे हे म्हणणे होते. कायदा यायला मात्र खूप काळ गेला. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि मनाला जाच करणे, दोन्हींना बंदी घातली. छडी त्यामुळे दिसेनाशी झाली. पण शब्दाचा मार अजून चालतो, तो कोणत्या पंचनाम्यात येणार? 'तुझ्या बापाला तरी येत होते का' हे वाक्य छडीपेक्षा खोल जाते.

मुळशीत आता एका बाजूला हिंजवडीच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे आहेत. त्या इमारतींतली राखणदारी करायची की आत बसून काम करायचे, हे ठरण्यात शाळेचा वाटा मोठा आहे, हे पालकांना कळून चुकले आहे. इंग्रजी माध्यम, गणवेश, बस, सारे ते बघतात. पोराला वर्गात कुठे बसवतात हे विचारणारा पालक विरळा.

शिक्षकांना एक काम सुचवतो. आपल्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर कपाटातून काढा. नाव, जात, जन्मतारीख, दाखल दिनांक, आणि शेवटी 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. साताऱ्याच्या रजिस्टरातली १९१४ क्रमांकाची ओळ आज लोक हात जोडून पाहतात. तुम्ही आपल्या रजिस्टरातल्या बाकीच्या ओळी पाहा. एक संध्याकाळ बसून तो शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा, गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला शेजारी घेऊन. रजिस्टरात 'सतत गैरहजर' एवढेच लिहिलेले असेल. त्या नावामागचे खरे कारण तो माणूस सांगेल.