साडेतीन शहाणे आणि ‘ध’चा ‘मा’

दुपारची भांडी झाली असतील, कुणी शेतातून येऊन जरा टेकली असेल, कुणाच्या हातात निवडायची मेथी असेल. हात चालू द्या, कान इकडं द्या. आज आपण इतिहासातल्या मोठ्या माणसांबद्दल बोलणार आहोत, पण हसत हसत.

इतिहास म्हटलं की आपल्याला शाळेतली सनावळी आठवते. अमक्या साली लढाई, तमक्या साली तह. पेपर झाला की सगळं विसरायचं. पण त्याच इतिहासातली एखादी गमतीची गोष्ट कुणी सांगितली, तर ती जन्मभर लक्षात राहते. आजीनं सांगितलेली, कीर्तनात ऐकलेली, जत्रेत वगात बघितलेली. असं का होतं? आणि असं हसणं बरं की वाईट?

सुरुवात आपल्या बारामतीपासूनच करू. बारामतीत कऱ्हेच्या काठावर बाबूजी नाईकांचा वाडा आहे. हे नाईक-जोशी मोठे सावकार. पहिल्या बाजीराव पेशव्यांची बहीण भिऊबाई याच घरात दिली होती, बाबूजींचे भाऊ आबाजी नाईक यांना. म्हणजे नातं सोयरिकीचं आणि व्यवहार पैशाचा. आता बाजीराव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? घोडा, भाला, दिल्लीपर्यंतची दौड. पण फौज पोसायला पैसा लागतो आणि तो नेहमीच कमी पडायचा. बाजीरावांवर कर्जाचा डोंगर होता. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपलं रडगाणं गायलं आहे. सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची सालटं निघाली, असा त्याचा आशय. यातली गंमत अशी, की ब्रह्मेंद्रस्वामी स्वतःही पैसे देणारेच होते!

बचत गटात हप्ता थकला की आपण खाली मान घालून बसतो ना? मग ध्यानात ठेवा, ज्याच्या घोड्यांची धडकी दिल्लीला होती, तोही सावकार दिसला की असाच अवघडून जात असणार. हे ऐकून बाजीराव लहान झाले का? मला तर ते जास्त जवळचे वाटले. भाला धरणारा हात आपला नसतो, पण देणेकऱ्याचं तोंड चुकवणारं मन आपल्या ओळखीचं असतं.

गोष्ट इथं संपत नाही. १७४० साली बाजीराव वारले. तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांनी छत्रपती शाहू महाराजांकडं शब्द टाकला, की पेशवाई बाबूजी नाईकांना द्यावी. शाहू महाराजांनी ती बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना दिली. नाहीतर विचार करा, पेशवाईचं बिऱ्हाड शनिवारवाड्यातून उठून कऱ्हेकाठी आलं असतं! बुडत्या कर्जाच्या वसुलीला थेट गादीच मागायची, असा सावकार आपल्या गावचा.

याच नाईकांच्या आश्रयाला पुढं मोरोपंत राहिले. पंतांचा जन्म १७२९ सालचा, पन्हाळ्यावरचा. ते बारामतीला आले आणि १७९४ साली इथंच गेले. आर्या म्हटली की मोरोपंत, एवढं मोठं नाव. त्यांनी एक नाही, दोन नाही, तब्बल १०८ रामायणं रचली असं सांगतात. गोष्ट एकच, पण प्रत्येक वेळी नवा खेळ. त्यातलं एक ‘निरोष्ठ रामायण’. निरोष्ठ म्हणजे म्हणताना ओठाला ओठ लागायचा नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. आता तुम्हीच सांगा, ‘म’ वर्ज्य झाल्यावर ‘राम’ कसं म्हणायचं? रामाचं नाव न घेता रामायण! घरी करून बघा. ओठ न मिटता ‘कऱ्हा’ म्हणता येतं, ‘नीरा’ म्हणता येतं, पण ‘बारामती’ म्हणता येत नाही. ज्या गावात बसून पंत लिहीत होते, त्या गावाचंही नाव त्या काव्यात बसलं नसतं. पोरांना हा खेळ लावून द्या. पंतांचं नाव पोरं कधी विसरणार नाहीत.

म्हणजे हसण्याचा पहिला उपयोग हा, की मोठा माणूस भिंतीवरच्या फोटोतून उतरून आपल्या ओसरीवर येऊन बसतो.

दुसरा उपयोग वेगळा आहे. ज्याच्यापुढं तोंड उघडता येत नाही, त्याला हसता येतं. आपल्या तमाशाच्या वगात राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो आणि सोंगाड्या असतो. राजा म्हणतो, राज्यात सगळं आलबेल आहे ना? आणि सोंगाड्या असं उत्तर देतो की मंडपभर लोक पोट धरून हसतात. जे पाटलाला, सावकाराला, साहेबाला तोंडावर बोलता येत नाही, ते सोंगाड्या राजाला बोलतो. गवळणीतली मावशी तर साक्षात किसनदेवालाही सोडत नाही. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली आलं आणि दादा कोंडक्यांनी ते गाजवलं. त्यातही राज्यकारभाराची हीच टिंगल होती. पण वगातल्या राजाला बहुतेक वेळा नाव-गाव नसतं. ‘आटपाट नगरीचा राजा’ म्हटलं की कुणाला राग येत नाही, आणि ज्याला समजायचं त्याला बरोबर समजतं.

पण नाव घेतलं तर? त्याचीही गोष्ट पुण्यातच घडली. डिसेंबर १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे. घाशीराम ही खरी व्यक्ती. तो पेशवाईत पुण्याचा कोतवाल होता. १७९१ साली त्यानं कोंडून ठेवलेली काही माणसं गुदमरून मेली, शहर खवळलं आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. तेंडुलकरांनी यावर नाच-गाण्याचं, हसवत हसवत काटा आणणारं नाटक लिहिलं. त्यातले नाना बाईलवेडे आणि कावेबाज दाखवले आहेत. सत्ता असलेला माणूस आपल्या कामासाठी एखादा घाशीराम कसा उभा करतो आणि काम झाल्यावर त्याला लोकांच्या तोंडी कसा देतो, हे त्यांना सांगायचं होतं. हे ऐतिहासिक नाटक नाही, असंही त्यांनी सांगितलं. तरी नानांची बदनामी झाली म्हणून गदारोळ उठला. १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं. मग कलाकारांनी थिएटर अकॅडमी ही नवी संस्था काढली आणि १९७४ साली ते परत सुरू केलं. पुढं ते परदेशातही गेलं.

आता नानांची बाजूही ऐका, कारण हसताना तीच आधी विसरली जाते. खरे नाना एवढ्या एका नाटकात मावणारे नव्हते. पेशवाईचा गाडा त्यांनी कितीतरी वर्षं ओढला. त्यांनी स्वतःचं छोटंसं आत्मवृत्त लिहून ठेवलं आहे. पानिपतावरून जीव वाचवून कसे परतलो, हे त्यात आहे. आपण शूर होतो असा आव त्यात नाही. आणि लोकांनी तर त्यांना आधीच अर्धं करून ठेवलं होतं! ‘साडेतीन शहाणे’ तुम्ही ऐकलं असेल. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धा शहाणा. का, तर बाकीचे तिघं बुद्धीनं आणि तलवारीनंही शहाणे, नाना नुसते लेखणीचे, असं सांगतात. यातले सखारामबापू आपल्या कऱ्हेच्या वरच्या अंगाचे, सासवडजवळच्या हिवऱ्याचे. बघा, एका शब्दात लोकांनी केवढी टीका करून ठेवली. आणि तरी नाना लहान झाले नाहीत. ज्याच्या हाती सत्ता होती, कागद होते, कारभार होता, त्याला अशी एक चिमटी काढली तर तो मोडत नाही.

पण मैत्रिणींनो, हसणं नेहमी वरच्याच माणसावर पडतं असं नाही. आता त्याच पेशवाईतली दुसरी म्हण घ्या, ‘ध’चा ‘मा’. तलाठ्याच्या उताऱ्यात नाव बदललं, गटाच्या ठरावाच्या वहीत आकडा खोडला, की आपण चटकन म्हणतो, ‘ध’चा ‘मा’ केला बघ! आणि हसतो. ही म्हण कुणाच्या नावावर आहे? आनंदीबाईच्या.

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात तरुण नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. गोष्ट अशी सांगतात, की त्यांचे काका रघुनाथराव यांनी गारद्यांना ‘नारायणरावास धरावे’ असं लिहिलं होतं आणि काकू आनंदीबाईनं त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केलं. गोष्ट चटकदार आहे. एका अक्षरात राज्य बुडालं! म्हणून ती बखरींतून, कीर्तनांतून, नाटकांतून आपल्यापर्यंत आली. पण असा खाडाखोड केलेला कागद इतिहासकारांच्या हाती नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवलं ते रघुनाथरावांना. सत्तेचा लोभ त्यांचा, गारद्यांशी संधान त्यांचं, पेशवेपदाची वस्त्रंही त्यांनीच घेतली. आणि म्हण मात्र कुणाच्या नावावर? बायकोच्या.

आनंदीबाई निर्दोष होती असं मी सांगत नाही. ती महत्त्वाकांक्षी होती, राजकारणात होती. पण तिला आपली बाजू मांडायची संधी कधी मिळाली? पुढचं आयुष्य नजरकैदेत गेलं. १७९४ साली ती वारली, पंत बारामतीत गेले त्याच वर्षी. पंतांच्या मागं त्यांच्या आर्या राहिल्या. आनंदीबाईच्या मागं एक थट्टा राहिली आणि अडीचशे वर्षं ती आपणच चालवतोय. ‘बाईच्या हातात कागद दिला की असंच होणार,’ हे त्या थट्टेच्या पोटात दडलेलं वाक्य आहे. ग्रामपंचायतीत सरपंच बाई सही करायला बसली की मागच्या बाकावरून जी खुसखुस ऐकू येते, ती याच घरातली.

म्हणजे बघा, दोन्ही गोष्टी पेशवाईतल्याच, दोन्ही हसवणाऱ्या. नानांवरचा विनोद सत्तेला चिमटा काढतो. आनंदीबाईवरचा विनोद सत्ताधाऱ्याचा दोष उचलून बाईच्या पदरात बांधतो.

आपल्या आज्या-पणज्यांना हा फरक बरोबर कळत होता. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण जात्यावर बसल्या की त्यांनी रामालाही सोडलं नाही. सीतेला वनात का धाडलंस, असा जाब त्यांनी ओव्यांतून विचारला. आपल्या पुणे जिल्ह्याच्या खेड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी बायकांच्या तोंडून अशा ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रभरच्या धरून तो साठा लाखाच्या वर गेला. त्यात सासू-सासऱ्याला टोमणे आहेत, देवालाही आहेत. पण सीतेची टिंगल त्या करत नाहीत. सीता त्यांच्या बाजूची असते.

आणखी एक कऱ्हेकाठचं नाव घेते, आचार्य अत्रे. सासवडजवळच्या कोडीत गावात १८९८ साली जन्मलेले. आत्मचरित्राला नावच दिलं ‘कऱ्हेचे पाणी’. ‘झेंडूची फुले’ लिहून त्यांनी त्या वेळच्या भल्याभल्या कवींची हुबेहूब नक्कल करून टर उडवली. महाराष्ट्रात त्यांच्या तोंडाला लागायला माणसं घाबरायची. पण याच अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला. जोतिराव आणि सावित्रीबाईंना त्यांच्या काळानं शेण-दगडांनी आणि टिंगलीनं छळलं होतं. त्या टिंगलीत आणखी भर घालायची नाही, हे एवढ्या हसऱ्या माणसाला कळत होतं.

आता आपल्या हातात मोबाईल आहे. रोज कुठल्या ना कुठल्या थोर माणसावरचा विनोद येतो. आपण पुरता वाचत नाही आणि पुढं ढकलतो. संध्याकाळी गावात दोन पारांवर दोन तट पडलेले असतात. म्हणून पुढं ढकलण्याआधी क्षणभर थांबा. हे हसणं कुणावर आहे, ज्याच्या हाती काठी होती त्याच्यावर, की ज्याच्या पाठीवर ती पडली त्याच्यावर? ही घडलेली गोष्ट आहे की रचलेली? रचलेली असेल तर तसं सांगायला लाजू नका. नुसतं ‘असं म्हणतात’ एवढं जोडलं तरी पुष्कळ भांडणं टळतात.

पण हसणं सोडू नका, बरं का. कर्जबाजारी बाजीराव, नाव न घेता रामायण लिहिणारे पंत, साडेतीनातले अर्धे नाना, या गोष्टी पोरांना जरूर सांगा. आणि पुढच्या बैठकीत वहीत खाडाखोड दिसली, तर ‘ध’चा ‘मा’ म्हणण्याआधी एवढंच विचारा, कागद नक्की कुणाच्या हातात होता?

येते मैत्रिणींनो. मेथी निवडून झाली असेल, चुलीकडं बघा. नमस्कार.