लघुग्रहांचे चंद्र : शंका, पुरावा आणि गुरुत्वाकर्षण (१९०१ ते २०२२)

महत्त्वाच्या संज्ञा : लघुग्रह, उपग्रह, प्रकाशवक्र, पिधान, घनता, विज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथून ज्युसेप्पे पियाझ्झी यांनी सेरेसचा शोध लावला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मंगळ व गुरू यांच्या दरम्यान शेकडो लघुग्रह नोंदवले गेले. मात्र त्या काळच्या दुर्बिणींतून ते केवळ प्रकाशाचे ठिपके दिसत. त्यांची कक्षा अचूक सांगता येत असे, परंतु आकार, वस्तुमान आणि अंतर्रचना यांविषयी खात्रीने बोलता येत नसे. अशा चिमुकल्या पिंडाला स्वतःचा चंद्र असू शकेल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीच उपस्थित झाला. त्याचे निर्विवाद उत्तर मिळण्यास मात्र १९९४ साल उजाडावे लागले. हा विलंब का झाला आणि उत्तर मिळाल्यावर लघुग्रहांविषयीची आपली कल्पना कशी पालटली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रकाशवक्राची हुलकावणी

१८९८ मध्ये बर्लिन येथे गुस्ताव्ह विट यांनी ईरॉस हा पृथ्वीच्या जवळून जाणारा लघुग्रह शोधला. त्याचे तेज ठरावीक कालावधीने कमीजास्त होते, असे लवकरच लक्षात आले. काळानुसार बदलणाऱ्या तेजाच्या आलेखास प्रकाशवक्र म्हणतात. ईरॉसच्या प्रकाशवक्राचा अर्थ लावताना फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल आंद्रे यांनी १९०१ मध्ये असे सुचवले की, येथे एकमेकांभोवती फिरणारे दोन पिंड असावेत व ते परस्परांना झाकत असल्याने तेज घटत असावे. हा तर्क निराधार नव्हता, कारण परस्परांना झाकणारे जोडतारे याच पद्धतीने ओळखले जात होते. तथापि, लांबट पिंड स्वतःभोवती फिरला तरी प्रकाशवक्र तसाच दिसतो. दोन कारणांचा परिणाम एकच असेल, तर परिणामावरून कारण ठरवता येत नाही. ‘निअर शूमेकर’ या यानाने २००० व २००१ मध्ये ईरॉसभोवती राहून निरीक्षण केले, तेव्हा तो एकच लांबट पिंड असल्याचे व त्याला चंद्र नसल्याचे स्पष्ट झाले.

पुढचा टप्पा पिधानांचा होय. लघुग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जाताना तारा काही क्षण झाकला जातो. जून १९७८ मध्ये हर्क्युलिना या लघुग्रहाने केलेल्या पिधानाच्या वेळी मुख्य घटनेखेरीज ताऱ्याचा प्रकाश आणखी एकदा क्षणभर लोपल्याची नोंद झाली आणि हर्क्युलिनाला उपग्रह असल्याचा दावा पुढे आला. त्या सुमारास इतरही काही लघुग्रहांबाबत असे दावे झाले. परंतु पिधान ही क्षणिक घटना असल्याने तिची हवी तेव्हा पुनरावृत्ती करता येत नाही. हबल दुर्बिणीतून नंतर घेतलेल्या शोधातही हर्क्युलिनाजवळ उपग्रह आढळला नाही. परिणामी, या विषयाकडे साशंकतेने पाहणे हीच बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांची भूमिका राहिली.

इडा आणि डॅक्टिल

गुरूकडे निघालेले ‘गॅलिलिओ’ यान २८ ऑगस्ट १९९३ रोजी इडा या लघुग्रहाजवळून गेले. इडाचा शोध योहान पालिसा यांनी १८८४ मध्ये व्हिएन्ना येथून लावला होता. यानाची मुख्य अँटेना न उघडल्यामुळे छायाचित्रे पृथ्वीवर अत्यंत मंद गतीने येत होती. १७ फेब्रुवारी १९९४ रोजी त्यांची तपासणी करताना मोहिमेतील अॅन हार्च यांना इडाच्या बाजूला एक लहानसा पिंड दिसला. यानावरील दुसऱ्या उपकरणाच्या नोंदींतही तो आढळल्याने शंकेला जागा उरली नाही. इडाची लांबी सुमारे ६० किलोमीटर, तर या चंद्राचा व्यास जेमतेम दीड किलोमीटर. ग्रीक पुराणकथेत क्रीट बेटावरील इडा पर्वतावर राहणाऱ्या डॅक्टिलांवरून त्याला ‘डॅक्टिल’ हे नाव देण्यात आले.

गुरुत्वाकर्षणाची पकड

एवढ्या लहान पिंडाचे क्षीण गुरुत्वाकर्षण चंद्र कसा सांभाळते? छायाचित्रे घेतली तेव्हा डॅक्टिल इडापासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावर होता. इडाचे वस्तुमान विचारात घेऊन गणित केल्यास त्या अंतरावरील परिभ्रमणाचा वेग सेकंदाला पाच ते सहा मीटर येतो. हा वेग सायकलस्वाराच्या वेगाइतका आहे. शिवाय डॅक्टिलवरील सूर्याची ओढ इडाच्या ओढीच्या जवळजवळ दुप्पट भरते. तरीही सूर्य त्याला हिरावून नेत नाही, याचे कारण असे की सूर्य इडा व डॅक्टिल या दोघांनाही जवळपास सारखाच ओढतो. त्यांच्या परस्परसंबंधात व्यत्यय येतो तो या दोन ओढींमधील किंचित फरकामुळेच, आणि ९० किलोमीटरच्या अंतरात तो फरक नगण्य असतो. आपल्या चंद्रावरही सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या दुपटीहून थोडी अधिकच आहे, हे येथे लक्षात घ्यावे. इडाचे गुरुत्वीय प्रभावक्षेत्र गणिताने सुमारे आठ हजार किलोमीटर त्रिज्येचे येते. लघुग्रहाला चंद्र असणे हे नियमबाह्य कधीच नव्हते. उणीव होती ती पुराव्याची.

चंद्र हाच तराजू

डॅक्टिलच्या शोधाचे खरे महत्त्व वेगळेच आहे. चंद्राचे अंतर व परिभ्रमणकाळ कळला की केप्लरच्या तिसऱ्या नियमाला न्यूटनने दिलेल्या रूपावरून मध्यवर्ती पिंडाचे वस्तुमान काढता येते. त्याला आकारमानाने भागले की घनता मिळते. अशा रीतीने इडाची घनता पाण्याच्या सुमारे २.६ पट असल्याचे अनुमान निघाले. तिच्याशी साधर्म्य असलेल्या सामान्य उल्कापाषाणांची घनता यापेक्षा बरीच अधिक असते. म्हणजे इडाच्या अंतरंगात पोकळ्या असाव्यात.

भूस्थित दुर्बिणींना या कामी नव्या तंत्राची जोड मिळाली. वातावरणामुळे प्रतिमेत होणारा थरकाप क्षणोक्षणी दुरुस्त करणाऱ्या अनुकूली प्रकाशिकीच्या साहाय्याने विल्यम मर्लिन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हवाई बेटावरून युजिनिया या लघुग्रहाचा चंद्र शोधला. युजिनियाची घनता पाण्याहून किंचितच जास्त निघाली. २००० मध्ये अँटिओपी हा लघुग्रह म्हणजे जवळपास सारख्या आकाराचे दोन पिंड असल्याचे दिसून आले. भारताच्या दृष्टीने विशेष नोंद घ्यावी असे उदाहरण सिल्व्हियाचे आहे. नॉर्मन पॉग्सन यांनी १८६६ मध्ये मद्रास वेधशाळेतून हा लघुग्रह शोधला होता. त्याचा पहिला चंद्र रोम्युलस २००१ मध्ये सापडला. दुसऱ्या चंद्राची, म्हणजे रेमसची, घोषणा २००५ मध्ये फ्रँक मार्शी व सहकाऱ्यांनी केली आणि सिल्व्हिया हा दोन चंद्र असलेला पहिला ज्ञात लघुग्रह ठरला. त्याचीही घनता कमीच भरली. अखंड खडक ही लघुग्रहाची रूढ प्रतिमा अशा वजनांमुळे ढासळली. त्यांपैकी अनेक लघुग्रह म्हणजे केवळ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेल्या दगडगोट्यांच्या राशी आहेत, हे मत दृढ झाले.

राशीतून चंद्राची निर्मिती

ही रास कल्पना चंद्रांच्या उत्पत्तीवरही प्रकाश टाकते. मोठ्या लघुग्रहांचे चंद्र बहुधा टकरींतून उडालेल्या तुकड्यांचे बनलेले असावेत. लहान लघुग्रहांच्या बाबतीत सूर्यप्रकाशच कारणीभूत ठरतो. वेड्यावाकड्या पृष्ठभागावरून उष्णता बाहेर पडताना सूक्ष्म पीळ बसतो व लाखो वर्षांत परिवलनाचा वेग वाढत जातो. या परिणामाचा प्रत्यक्ष पडताळा २००७ मध्ये मिळाला. काहीशे मीटरहून मोठे लघुग्रह साधारणतः २.२ तासांपेक्षा कमी काळात स्वतःभोवती फेरी पूर्ण करताना आढळत नाहीत. त्याहून वेग वाढल्यास विषुववृत्तावरील दगडांवरील गुरुत्वाकर्षणाची पकड सुटते. निसटलेल्या द्रव्यापासून चंद्र घडू शकतो, हे २००८ मध्ये वॉल्श, रिचर्डसन व मिशेल यांनी संगणकीय प्रतिकृतीद्वारे दाखवले. पृथ्वीनिकटच्या लघुग्रहांपैकी सुमारे १५ टक्के लघुग्रह जोडपिंड आहेत, ही बाब या उपपत्तीशी सुसंगत आहे.

डिमॉर्फस : एक कसोटी

डिडिमॉस हा लघुग्रह १९९६ मध्ये सापडला. २००३ मध्ये पेत्र प्रावेत्स यांनी प्रकाशवक्रावरूनच त्याच्या चंद्राचा माग काढला. मात्र या वेळी परिवलनामुळे होणारा चढउतार आणि चंद्र आड येण्यामुळे होणारी घट हे दोन वेगवेगळे कालावधी अलग करण्यात आले, आणि रडारच्या स्वतंत्र निरीक्षणांनीही दुजोरा दिला. हाच चंद्र पुढे डिमॉर्फस म्हणून ओळखला जाऊ लागला. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे ‘डार्ट’ यान सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने त्यावर हेतुपुरस्सर आदळवण्यात आले. पृथ्वीकडे येणाऱ्या लघुग्रहाचा मार्ग बदलता येईल काय, याची ती मानवाने केलेली पहिली प्रत्यक्ष चाचणी होती. ११ तास ५५ मिनिटांचा परिभ्रमणकाळ सुमारे ३३ मिनिटांनी घटला. यशाची किमान अपेक्षा ७३ सेकंदांची होती. उसळून बाहेर पडलेल्या द्रव्याच्या प्रतिक्रियेमुळे धक्क्याचा परिणाम वाढला. लघुग्रह अखंड खडक आहे की सैल रास, हा प्रश्न आता पृथ्वीच्या सुरक्षिततेशी जोडला गेला आहे. आघाताच्या परिणामांचा जवळून अभ्यास करण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेचे ‘हेरा’ यान रवाना झाले.

समारोप

१९०१ मध्ये आंद्रे यांना हुलकावणी देणारा प्रकाशवक्र २०२२ मध्ये तेहेतीस मिनिटांचा फरक मोजण्याचे प्रमुख साधन ठरला. पुराव्याचा प्रकार तोच राहिला. बदलली ती त्याची पारख. पर्यायी स्पष्टीकरणे वगळणे, निरीक्षणाची पुनरावृत्ती आणि भिन्न पद्धतींचा दुजोरा या तीन अटी पूर्ण झाल्यावरच अनुमानास शोधाचा दर्जा मिळाला. हर्क्युलिनाचा दावा अमान्य करणारी साशंकता आणि डॅक्टिलचे अस्तित्व मान्य करणारी तत्परता एकाच शिस्तीतून आली होती. विज्ञानाचा इतिहास शिकवताना यशस्वी शोधांच्या तारखांबरोबर असे न टिकलेले दावेही विद्यार्थ्यांपुढे ठेवले पाहिजेत. आंद्रे यांचा निष्कर्ष टिकला नाही; परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता, हे त्यानंतरच्या शतकाने सिद्ध केले.