धाकटी पाती

देवासच्या पवारांत थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तोच भेद फ्रान्समधील एका माफक किंमतीच्या तांबड्या द्राक्षासवाच्या बाटलीवर आढळावा, हें मात्र पुष्कळांस नवल वाटेल. ‘मूटों काडे’ हें त्याचें नांव. ‘काडे’ म्हणजे घराण्यांतील धाकटा. हें आसव ओठांस न लावतांही त्याच्या नांवाचा इतिहास चाखतां येतो, आणि आमचा अधिकार तेवढाच आहे.

१८५५ सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनासाठीं बोर्डोच्या दलालांनीं तेथील आसवांची प्रतवारी लाविली. कसोटी मुख्यत्वें बाजारभावाची होती. लाफीट, लाटूर, मार्गो व ओ-ब्रियों हे चार मळे पहिल्या वर्गांत बसले. मूटों दुसऱ्या वर्गांत राहिला. नॅथॅनियल डी रोथशिल्ड यानें तो दोनच वर्षांपूर्वीं विकत घेतला होता. पुढें १८६८ त शेजारचा लाफीट त्याच कुळाच्या दुसऱ्या शाखेकडे गेला, आणि मानापमानास भाऊबंदकीचीही जोड मिळाली.

१९२२ त मूटोंचा कारभार फिलीप डी रोथशिल्ड या वीस वर्षांच्या तरुणाच्या हातीं आला. त्या काळीं आसवाचीं पिंपें बोर्डोच्या व्यापाऱ्यांकडे जात. मुरविणें, बाटल्या भरणें हें सारें तेच करीत. नांव मळ्याचें, परंतु बाटलींत शेवटीं काय उतरलें याची खात्री मालकास नसे. १९२४ पासून फिलीपनें आपलें सगळें आसव आपल्याच वाड्यांत बाटल्यांत भरण्याचा निश्चय केला. आमच्या मतें त्याचें खरें कर्तृत्व हेंच. कारण यापुढें मालाच्या दोषाचें खापर फोडावयास दुसऱ्याचें डोकें उरलें नाहीं.

त्याची परीक्षा लवकरच झाली. १९३० चें पीक अगदींच सुमार आलें. १९३१ व १९३२ हीं वर्षेंही तशींच गेलीं, आणि जगभर मंदी पसरलेली. हीन आसव मूटोंच्या नांवानें विकावें, तर पहिल्या वर्गावरील हक्क स्वतःच्याच हातानें बुडवावयाचा. ओतून द्यावें, तर मळ्याचा खर्च कोठून भागवावा? फिलीपनें तें निराळ्या नांवानें, कमी किंमतीस बाजारांत आणिलें. तो स्वतः भावंडांत धाकटा, त्यावरूनच ‘काडे’.

युक्ति इतकी फळली कीं पुढें मागणीस मूटोंचा मळा पुरेना. फिलीपनें इतर मळ्यांचा माल घेण्यास आरंभ केला, आणि कालांतरानें ‘मूटों काडे’ हें बोर्डो प्रांतांतील अनेक बागाईतदारांच्या द्राक्षांचें आसव झालें. धाकट्या पातीचें आडनांव राहिलें, रक्त बदललें. यास फसवणूक म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं, कारण थोरल्याच्या किंमतीस धाकटें कधीं विकलें गेलें नाहीं. तथापि नांवाच्या ओढीनें बाटली घेणारा गिऱ्हाईक हा भेद जाणत असेल, असेंही म्हणवत नाहीं.

थोरल्या मूटोंस पहिला वर्ग मिळण्यास १९७३ साल उजाडलें. त्या वेळीं फ्रान्सचे शेतकीमंत्री असलेले जाक शिराक यांनीं हुकुमावर सही केली. मूटोंच्या स्वतःच्या द्राक्षांचें दुसऱ्या प्रतीचें आसव १९९० नंतरच्या दशकांत पुन्हा निघूं लागलें, तेव्हां फिलीप हयात नव्हता. ‘काडे’ हें नांव गुंतलेलें असल्यामुळें त्यास ‘पती मूटों’, म्हणजे लहान मूटों, असें म्हणावें लागलें. तें मात्र स्वस्त नाहीं.