अंदमान बेटांवरील पर्यटन

अंदमान बेटांवरील पर्यटन म्हणजे बंगालच्या उपसागरातील अंदमान व निकोबार या केंद्रशासित प्रदेशातील अंदमान द्वीपसमूहाला पर्यटकांनी दिलेल्या भेटी व त्यांसाठी उपलब्ध असलेल्या सोयी. उष्ण कटिबंधातील पांढरी वाळू, प्रवाळ आणि निळे पाणी यांमुळे या बेटांची तुलना कॅरिबियन समुद्रातील बेटांशी केली जाते. मात्र कॅरिबियनमधील बहुतेक बेटे स्वतंत्र राष्ट्रे किंवा परकीय प्रदेश असल्याने तेथील प्रवासाला पारपत्र, परकीय चलन आणि काही ठिकाणी व्हिसा लागतो. भारतीय नागरिकाला अंदमानात यांपैकी काहीच लागत नाही. त्यामुळे साधारण ऐपतीच्या कुटुंबालाही हा प्रवास आवाक्यातला ठरतो. मराठी पर्यटकांच्या दृष्टीने पोर्ट ब्लेअर येथील सेल्युलर जेल हे या प्रवासाचे विशेष आकर्षण आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

अंदमान व निकोबार या प्रदेशाचे क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३,८०,५८१ होती. शेकडो बेटांपैकी मोजक्याच बेटांवर वस्ती आहे. अंदमान आणि निकोबार या दोन समूहांच्या मध्ये 'टेन डिग्री चॅनल' ही सामुद्रधुनी आहे. पर्यटन मुख्यतः अंदमान समूहात चालते. निकोबार समूह आदिवासी राखीव क्षेत्र असल्याने तेथे सर्वसामान्य पर्यटकांना प्रवेश नाही. राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये 'श्री विजयपुरम्' असे करण्यात आले. व्यवहारात आणि तिकिटांवर जुने नावही आढळते.

ही बेटे भारताच्या मुख्य भूमीपासून पुष्कळ पूर्वेला आहेत. घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचेच आहे. त्यामुळे लातूर जिल्ह्यातील देवणीच्या तुलनेत तेथे सूर्य सुमारे एक तास आधी उगवतो आणि संध्याकाळही लवकर होते. पहाटे पाचच्या सुमारास उजाडते व हिवाळ्यात पाचनंतरच अंधारू लागते. दिवसाची आखणी करताना हे लक्षात घ्यावे लागते.

इतिहास

१८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये ब्रिटिशांनी येथे कैद्यांची वसाहत स्थापन केली. समुद्रापार पाठवून दिलेला माणूस परत येत नाही, या अनुभवातून 'काळ्या पाण्याची शिक्षा' हा शब्दप्रयोग रूढ झाला. १८९६ ते १९०६ या काळात सेल्युलर जेल बांधण्यात आला. मध्यवर्ती मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात तीनमजली इमारती आणि त्यांतील सुमारे सातशे एकांत-कोठड्या अशी त्याची रचना होती. त्यांपैकी तीन इमारती आज शिल्लक आहेत. विनायक दामोदर सावरकर यांना जुलै १९११ मध्ये येथे आणण्यात आले व १९२१ मध्ये मुख्य भूमीवर हलवण्यात आले. त्यांचे थोरले बंधू गणेश (बाबाराव) सावरकर हेही याच तुरुंगात होते. 'माझी जन्मठेप' या सावरकरांच्या आत्मकथनामुळे हा तुरुंग मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला.

१९४२ मध्ये जपानने ही बेटे जिंकली. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकवला. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तत्कालीन पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी सेल्युलर जेल राष्ट्रीय स्मारक म्हणून राष्ट्राला अर्पण केला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या प्रदेशाची, विशेषतः निकोबार समूहाची, मोठी हानी झाली. २०१८ च्या अखेरीस रॉस, नील आणि हॅवलॉक या बेटांना अनुक्रमे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, शहीद द्वीप आणि स्वराज द्वीप अशी नावे देण्यात आली.

प्रवासाचा हंगाम

मराठवाड्यातील शेतकऱ्याला अंदमानची ओळख बहुधा मे महिन्यातील बातमीतून असते. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळात पोहोचण्यापूर्वी, साधारणतः मेच्या तिसऱ्या आठवड्यात, अंदमानात दाखल होतात. तेथून पुढे सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात परतीच्या मोसमी पावसाबरोबर बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे निर्माण होण्याची शक्यता राहते. त्यामुळे शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्यांत, म्हणजे दिवाळीत आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात, समुद्र शांत असेलच असे नाही. जानेवारी ते एप्रिल हा सर्वांत भरवशाचा काळ होय. रब्बीची काढणी आटोपल्यानंतरचे मार्च-एप्रिलचे दिवस शेतकरी कुटुंबांना सोयीचे पडतात.

पोहोचण्याचे मार्ग

हवाई मार्ग : पोर्ट ब्लेअर येथील वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन जुलै २०२३ मध्ये झाले. चेन्नई व कोलकाता येथून विमानाने दोन ते अडीच तास लागतात. विमानाचे भाडे हा या सहलीतील सर्वांत मोठा आणि सर्वांत बदलता खर्च असतो. सुट्टीच्या तोंडावर ते कित्येक पटींनी वाढते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलतीखाली अंदमानसाठी वेळोवेळी विशेष सूट देण्यात आली आहे.

सागरी मार्ग : चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम् येथून प्रवासी जहाजे सुटतात. प्रवासाला साधारण अडीच ते तीन दिवस लागतात. जहाजात सामायिक दालनातील बंकपासून स्वतंत्र खोलीपर्यंत वेगवेगळे वर्ग असतात व बंकचे भाडे सर्वांत कमी असते. वेळापत्रक फार आधी जाहीर होत नाही आणि हवामानानुसार तारखा बदलतात. म्हणून ज्याच्याकडे पैसा कमी पण वेळ मुबलक आहे, त्यालाच हा मार्ग सोयीचा ठरतो. जाताना जहाज आणि येताना विमान असा मध्यम मार्गही निवडता येतो.

देवणी परिसरातून : देवणीला रेल्वे स्थानक नाही, जवळचे मोठे स्थानक उदगीर हे आहे. तेथून हैदराबादला रेल्वेने किंवा रस्त्याने जाता येते. पुढे हैदराबादहून विमानाने, अथवा रेल्वेने चेन्नई गाठून विमानाने वा जहाजाने पोर्ट ब्लेअरला पोहोचता येते. मुंबईला जाऊन विमान धरण्यापेक्षा हा मार्ग जवळचा आहे.

खर्चाचे नियोजन

अंदमानातील बहुतेक मुख्य स्थळांचे प्रवेशशुल्क माफक आहे. सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा किंवा शहीद द्वीपावरील नैसर्गिक खडक-पूल सर्वांना सारखेच दिसतात. खर्चातील फरक प्रामुख्याने वाहन, निवास आणि जलक्रीडा या तीन बाबींमुळे पडतो.

अल्प खर्चाच्या प्रवासात जहाज किंवा फार आधी काढलेले विमानाचे तिकीट, प्रशासनाची अतिथीगृहे किंवा साधी लॉज, सरकारी बस आणि सरकारी फेरीबोट यांचा आधार घेतला जातो. सरकारी बोटीला स्वराज द्वीपापर्यंत सुमारे अडीच तास लागतात; तिकिटे मर्यादित असून स्थानिक रहिवाशांनाही त्यांचीच गरज असते. मध्यम खर्चात खाजगी वातानुकूलित बोट घेतल्यास हेच अंतर सुमारे दीड तासात कापता येते. भाडे मात्र सरकारी बोटीच्या दुप्पट वा त्याहून अधिक असते. अधिक खर्चाच्या प्रवासात समुद्रकाठची विश्रामस्थाने, स्वतंत्र मोटार आणि स्कूबा डायव्हिंग यांचा समावेश होतो. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकाच्या सोबतीने पाण्याखाली उतरता येते; दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असल्यास ते आधी सांगणे आवश्यक असते.

भोजनात भात आणि मासे मुख्य असले, तरी शाकाहारी थाळी सहज मिळते. बंगाली, तमिळ आणि तेलुगू भाषकांची वस्ती मोठी असून हिंदी सर्वत्र चालते. चेन्नईहून टाकलेली समुद्राखालील केबल ऑगस्ट २०२० मध्ये कार्यान्वित झाल्यानंतर इंटरनेट सुधारले. तरी लहान बेटांवर जाताना रोख रक्कम जवळ ठेवणे श्रेयस्कर असते.

नमुना कार्यक्रम

सहा रात्रींच्या सहलीचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

पहिला दिवस : पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल व सायंकाळचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम.
दुसरा दिवस : नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप व नॉर्थ बे.
तिसरा व चौथा दिवस : स्वराज द्वीप; राधानगर, एलिफंट बीच, कालापत्थर.
पाचवा दिवस : शहीद द्वीप; भरतपूर व लक्ष्मणपूर किनारे.
सहावा दिवस : पोर्ट ब्लेअरला परत.
सातवा दिवस : परतीचा प्रवास.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये काढणे महत्त्वाचे असते. हवामान बिघडल्यास फेरीबोटी रद्द होतात. त्याच दिवशीचे परतीचे विमान धरायचे असल्यास ते चुकते आणि आधी वाचवलेल्या पैशांहून अधिक रक्कम खर्ची पडते.

अन्य प्रेक्षणीय स्थळे

वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. त्यातील जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे हंगामानुसार आलटून पालटून खुली असतात व तेथे प्लास्टिक नेण्यास मनाई आहे. बाराटांग येथे खारफुटीतून होडीने जाऊन चुनखडीच्या गुहा पाहता येतात. जवळच चिखलाचा ज्वालामुखी आहे. उत्तर अंदमानातील सॅडल पीक हे ७३२ मीटर उंचीचे शिखर द्वीपसमूहातील सर्वोच्च स्थान आहे. बॅरन बेटावर भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. जुन्या, तांबड्या रंगाच्या वीस रुपयांच्या नोटेवरील चित्र नॉर्थ बे परिसराचे आहे.

आदिवासी आणि निर्बंध

अंदमानात ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा आणि सेंटिनली या आदिम जमाती राहतात. त्यांच्या संरक्षणासाठी १९५६ चा आदिम जमाती संरक्षण विनियम लागू आहे. बाराटांगकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांग येथून वाहने ठरावीक वेळी, पोलीस बंदोबस्तात आणि ताफ्यानेच सोडली जातात. वाटेत थांबणे, छायाचित्रे काढणे, जारवांना खाद्यपदार्थ देणे हे गुन्हे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राखीव क्षेत्रातील हा रस्ता बंद करण्याचे निर्देश दिले होते. तरीही वाहतूक चालू राहिली. जानेवारी २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना अन्नासाठी पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि देशभर संताप व्यक्त झाला. त्याच वर्षी विनियमात दुरुस्ती करून शिक्षा अधिक कडक करण्यात आल्या. जारवांची संख्या अल्प आहे. बाहेरून आलेला साधा आजारही त्यांना घातक ठरू शकतो. काही प्रवासी या कारणाने बाराटांग आपल्या कार्यक्रमातून वगळतात. उत्तर सेंटिनल बेटाजवळ जाण्यास पूर्ण बंदी आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ही बंदी मोडून गेलेल्या एका अमेरिकी तरुणाचा तेथे मृत्यू झाला.

पर्यावरण व सुरक्षितता

प्रवाळाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. किनाऱ्यावरील मृत प्रवाळ उचलून आणण्यासही मनाई असून विमानतळावरील तपासणीत तो काढून घेतला जातो. प्रवाळावर उभे राहिल्यास तो मोडतो आणि पुन्हा वाढण्यास अनेक वर्षे लागतात. खाड्यांमध्ये व काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरी आढळतात. म्हणून मगरीच्या सूचनाफलकांकडे दुर्लक्ष करू नये व पोहण्यासाठी निश्चित केलेल्या जागा सोडून पाण्यात उतरू नये. गोड्या पाण्याची टंचाई बेटांवर कायमची आहे. उन्हाळ्यात ती अधिक जाणवते. पाणी मोजून वापरण्याची सवय असलेल्या मराठवाड्यातील प्रवाशाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

हेही पाहा

अंदमान आणि निकोबार द्वीपसमूह
सेल्युलर जेल
विनायक दामोदर सावरकर
जारवा
मोसमी वारे