खेड्यांतील इराणी गालिचे

'गालिचा' हा शब्द मराठींत फारसींतून आला. इराणी गालिचा म्हटला कीं बहुधा राजदरबारचें वैभव डोळ्यांपुढें उभें राहतें. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममधील अर्दबीलचा गालिचा हा त्या वैभवाचा उत्कृष्ट नमुना होय. त्यावर हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, हें वर्ष आणि मकसूद काशानी हें नांव विणलेलें आहे. चौरस इंचास सुमारें ३४० गांठी असल्यामुळें त्यांतील वेलींचीं वळणें लेखणीनें काढल्यासारखीं दिसतात.

परंतु हमदानभोंवतालच्या खेड्यांत व वायव्येकडील हेरीझच्या परिसरांत स्त्रियांनीं घरोघर जे गालिचे विणले, त्यांवर बहुधा कोणाचेंच नांव नाहीं. त्यांतील कोनदार आकृति पाहून पुष्कळांस हें अडाणी हाताचें काम वाटतें. हा समज किती चुकीचा आहे, तें त्यांची बांधणी पाहिल्यास ध्यानांत येईल.

मागावर प्रथम उभे धागे ताणून बसवितात. शेजारच्या दोन धाग्यांभोंवतीं रंगीत लोकर गुंडाळून तिचीं दोन्ही टोकें मधून वर काढलीं कीं एक गांठ झाली. गांठींची ओळ पुरी होतांच आडवा धागा घालून ती फणीनें ठोकतात. हमदानकडे दोन ओळींमध्यें असा धागा बहुधा एकच असतो; त्यामुळें गालिचा उलटा करतांच जाणत्यास त्याचा प्रांत ओळखतां येतो.

आतां, गांठ म्हणजे एक लहानसा चौकोन. चौरस इंचांत अशा शंभराहून कमी गांठी असल्या तर गोल वळण पायऱ्यांसारखें तुटक दिसणार. म्हणून हेरीझच्या विणकरणींनीं शहरी गालिच्यांतील गोल पदकास सरळ व तिरप्या रेषांचें रूप दिलें. जाड लोकरीस शोभेल अशीच ती रेषा होती.

शहरांतील कारागिरापुढें चौकटीच्या कागदावरील नकाशा असे. कोणती गांठ कोणत्या रंगाची हें तो सांगे. खेड्यांत बहुधा स्मरणशक्ति हाच नकाशा. कधीं 'वागिरे' नांवाचा लहान विणलेला नमुना मिळे. त्यांत किनारीचा एक तुकडा व एखाददुसरें फूल असावयाचें. त्यावरून सबंध गालिच्याची मांडणी मनांतल्या मनांत करणें हें अडाणीपणाचें लक्षण खचित नव्हे!

मंजिष्ठेपासून तांबडा, निळीपासून निळा असे रंग करीत. लोकर थोडथोडी रंगविल्यामुळें एकाच निळ्या पटांत फिकट-गडद पट्टे उमटत. त्यांस 'अब्रश' म्हणतात. १८५६ सालीं पर्किननें कृत्रिम रंग शोधल्यानंतर तसे स्वस्त रंग इराणांतही शिरले. त्यांतील पुष्कळ उन्हानें विटत व पाण्यानें पसरत. नासिरुद्दीन शहाच्या कारकीर्दींत त्यांवर बंदी घातली गेली, तरी त्यांचा शिरकाव थांबला नाहीं. महिनोन्‌महिने खपून बसविलेली रंगसंगति त्यामुळें थोड्याच वर्षांत नासून जाई.

२०१० सालीं युनेस्कोनें फार्स प्रांतांतील गालिचे विणण्याच्या परंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. तेथें स्त्रिया नकाशावांचून विणतात, आणि एकीचेही दोन गालिचे सारखे होत नाहींत. अर्दबीलच्या गालिच्यावर मकसूदचें नांव अक्षरांत आहे. या निनांवी स्त्रियांची सही त्यांच्या कोनदार रेषेंतच वाचली पाहिजे.